घर दिसतं, सातबारा दिसत नाही

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला 'कॉलनी' या शब्दात काहीच खटकत नाही. पत्ता सांगताना आपण तो दिवसातून चारदा वापरतो. अमुक कॉलनी, तमुक मंदिराच्या मागे, दुसरी गल्ली, कोपऱ्यावर इस्त्रीवाला. शाळेच्या इतिहासात जी 'वसाहत' घोकली तिचा आणि या कॉलनीचा काही संबंध असेल असं डोक्यातही येत नाही. पण मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये 'कोलोनस' म्हणजे जमीन कसणारा शेतकरी. रोमन लोक जिंकलेल्या मुलखात आपली माणसं नेऊन वसवायचे, त्या वस्तीला 'कोलोनिया' म्हणायचे. फ्रेंचमध्ये त्यातूनच 'कोलों' आला. कोलों म्हणजे परक्या मुलखात जमीन घेऊन तिथेच घर करणारा माणूस.

या वीकेंडचा विषय आहे अशाच एका कोलोंच्या घराचं चित्र. 1866 सालचं, फ्रेंच, एचिंग. नाव 'ला शोमिएर द्यू कोलों'. शोमिएर म्हणजे गवताने शाकारलेलं छोटं घर. आपल्याकडे इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला कुडाच्या भिंतींची घरं असायची ना, त्या जातकुळीतलं. हे घर होतं न्यूझीलंडमध्ये, आकारोआ नावाच्या खाडीकाठी. चित्रकार शार्ल मेरियों. किल्ला नाही, तोफ नाही, झेंडा नाही. नुसतं एक घर. आणि माझ्या मते हेच या चित्राचं सगळ्यात मोठं राजकारण आहे. कसं ते सांगतो, पण त्याआधी थोडं तंत्राबद्दल. (इंजिनिअर माणूस, सवय जात नाही :) )

एचिंगला मराठीत 'अम्लरेखन' असा भारदस्त शब्द आहे. तांब्याचा पत्रा घ्यायचा, त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. सुईने मेण खरवडत चित्र काढायचं. मग पत्रा अ‍ॅसिडमध्ये ठेवायचा. जिथलं मेण गेलंय तिथे अ‍ॅसिड तांबं खातं आणि केसासारखा बारीक चर पडतो. मेण काढून टाकायचं, पत्र्यावर शाई फासायची, वरवरची पुसून घ्यायची. चरांत अडकलेली शाई ओलसर कागदावर दाबाखाली उतरते. चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं, त्यामुळे डावीकडचा डोंगर उजवीकडे जातो.

नाशिककरांना हे समजायला जड नाही. एक तर तांबट आणि भांडी बाजार आपल्या गावच्या ओळखीचा भाग. लग्नातल्या पितळी डब्यावर ठोकून घातलेलं आजीचं नाव प्रत्येक घरात असतं. तिथे धातूवर चर पाडायचा आणि थांबायचं, एचिंगमध्ये त्या चरात शाई भरायची. दुसरं म्हणजे नाशिक रोडची प्रेस. तिथे 1928 पासून नोटा छापल्या जातात. शंभराच्या किंवा पाचशेच्या करकरीत नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवा, शाई किंचित वर आलेली लागते. ती खोलगट चरांतून कागदावर उचलली गेलेली शाई असते. नोटेसाठी चर अ‍ॅसिडने पाडत नाहीत, पण छपाईचं तत्त्व तेच.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडेल. एचिंगचा पत्रा एकदा छापून संपत नाही. चित्रकार थोड्या प्रती काढतो, मग पत्र्यावर पुन्हा हात फिरवतो, काही खोडतो, काही घालतो, पुन्हा छापतो. अशा प्रत्येक टप्प्याला 'स्टेट' म्हणतात. थोडक्यात व्हर्जन. मेरियों यात कुप्रसिद्ध होता. त्याच्या पॅरिसमधल्या एका पुलाच्या चित्रात सुरुवातीला आकाशात एक बलून आहे. पुढच्या एका व्हर्जनमध्ये बलून गायब आणि त्या जागी पक्ष्यांचे थवेच्या थवे. पूल तोच, खालची गर्दी तीच. बदलत होतं ते बघणाऱ्याचं डोकं.

आता हा मेरियों कोण? जन्म 1821, पॅरिस. आई नर्तकी, वडील इंग्लिश डॉक्टर, आणि दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. पोरगा नौदलात गेला. 1842 मध्ये 'ल रँ' या जहाजावरून निघाला आणि 1843 ते 1846 या काळात ते जहाज मुख्यतः आकारोआच्या आसपास तैनात होतं. काम काय, तर तिथल्या मूठभर फ्रेंच लोकांवर लक्ष ठेवायचं. विशीतला अधिकारी, हाताशी वेळच वेळ. तो पेन्सिलने चित्रं काढत राहिला. परत आल्यावर नौदल सोडून चित्रकार व्हायचं ठरवलं, पण तो रंगांध होता. रंगचित्रांचा रस्ता बंद झाला, म्हणून काळ्या-पांढऱ्यातलं एचिंग धरलं. 1850 ते 1854 मध्ये त्याने जुन्या पॅरिसची जी चित्रं कोरली ती आज एचिंगच्या इतिहासात अगदी वरच्या रांगेत धरतात. कवी बोदलेअरने त्याच्यावर कौतुकाने लिहिलं. पैसा मात्र मिळाला नाही. डोकं बिघडत गेलं. 1858 मध्ये त्याला शारांतोंच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं, पुढच्या वर्षी तो बाहेर आला.

बाहेर आल्यावर 1860 च्या दशकात त्याने जुन्या वह्या काढल्या आणि वीस वर्षांपूर्वीचं आकारोआ कोरायला घेतलं. एका चित्रात किनाऱ्यावर जाळं ओढणारे कोळी, एका चित्रात फ्रेंचांची सगळी वस्ती, एका चित्रात माओरी लोकांची खांबांवर उभारलेली धान्याची कोठारं, आणि 1866 मध्ये हे कोलोंचं घर. न्यूझीलंडच्या प्रवासाचा एक संच करायचं त्याच्या मनात होतं. याच सुमारास त्याने पॅरिसच्या नौदल मंत्रालयाचं एक चित्र केलंय. इमारत एकदम शिस्तीत, खांब मोजून घ्यावेत अशी. आणि आकाशातून तिच्यावर देवमासे, घोडे, रथ असलं विलक्षण सैन्य चाल करून येतंय! पॅरिसच्या एका शाळेच्या चित्रात तर मागे घरांच्या छपरांऐवजी चक्क समुद्र आणि डोंगर आणून ठेवलेत. पॅसिफिक महासागर या माणसाच्या डोक्यातून गेलाच नव्हता. ऑक्टोबर 1866 मध्ये त्याला परत शारांतोंला नेलं आणि फेब्रुवारी 1868 मध्ये तो तिथेच गेला. म्हणजे कोलोंचं हे शांत, शाकारलेलं घर त्याच्या बाहेरच्या आयुष्यातल्या शेवटच्या कामांपैकी एक आहे.

इथे देवळाली आठवल्याशिवाय राहत नाही. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात. हा शब्द आपल्या देवळालीवरून गेलाय. 1861 मध्ये इंग्रजांनी तिथे लष्कराचा तळ उभारला. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे पडून राहायचे. जहाजं फक्त हिवाळ्याच्या महिन्यांत सुटायची. ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली तो महिनोन्‌महिने उकाडा, कंटाळा आणि दारू यांत सडायचा. 'डूलाली टॅप' मधला टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप.

हा फरक महत्त्वाचा आहे. इंग्रज इथे राहायला आलाच नव्हता. कंपनी सरकारने तर 1833 पर्यंत युरोपियनांना इकडे जमीन घेऊन स्थायिक होण्यावर कडक बंधनं घातली होती. साहेब बंगल्यात राहायचा, पण बदली झाली की फर्निचरचा लिलाव करून पुढे. पेन्शन घ्यायला तो इंग्लंडला जायचा. आपल्या भागात इंग्रजांचे बंगले आहेत, कबरी आहेत, पण पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा गोरा शेतकरी नाही. आपल्याकडून त्याने महसूल नेला. आकारोआत आलेल्यांना महसूल नको होता. त्यांना जमीनच हवी होती आणि ते परत जाणार नव्हते. म्हणून तिथे घराचं चित्र महत्त्वाचं ठरतं. देवळालीतला शिपाई घराच्या ओढीने वेडा झाला. मेरियोंला मात्र आयुष्याच्या शेवटाला दुसऱ्या कुणाच्या तरी परदेशातल्या घराची ओढ लागली होती.

आता मूळ प्रश्न. ते घर उभं होतं ती जमीन कुणाची?

गोष्ट सुरू होते 1838 मध्ये. लांग्लवा नावाचा देवमाशांची शिकार करणारा फ्रेंच कप्तान बँक्स द्वीपकल्पावर आला. या द्वीपकल्पातच आकारोआची खाडी आहे. त्याने काही माओरी प्रमुखांकडून एका कागदावर सह्या घेतल्या आणि जवळजवळ सगळं द्वीपकल्प 'विकत' घेतलं. आगाऊ रक्कम म्हणून सुमारे 6 पौंड किमतीचा माल दिला, बाकीचं नंतर देऊ म्हणाला. सह्या करणारे म्हणजे जमिनीवर हक्क असलेले सगळे लोक नव्हते. आणि 'विकणे' म्हणजे कायमचं हातातून सोडणे, ही कल्पना दोन्ही बाजूंना एकच होती असंही नाही.

त्यात हे लोक आधीच मोडून पडले होते. 1830 मध्ये उत्तरेकडचा सरदार ते राऊपाराहा एका इंग्लिश जहाजात लपून या खाडीत शिरला होता. कप्तानाने भाडं म्हणून अंबाडीसारख्या धाग्याचा माल कबूल करून घेतला होता. प्रमुखाला दगाबाजीने पकडलं, गाव कापून काढलं. दोनेक वर्षांत ओनावेच्या टेकाडावर पुन्हा कत्तल झाली. अशा हादरलेल्या मुलखात एक गोरा कागद घेऊन येतो. कागदाच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या, हे सांगायला वकील लागत नाही.

लांग्लवा फ्रान्सला गेला, कंपनी काढली, सरकारचा पाठिंबा मिळवला. प्रत्येक पुरुषाला 5 एकर जमिनीचं आश्वासन दिलं. मार्च 1840 मध्ये 'कोंत द पारी' या जहाजातून साठेक माणसं निघाली, त्यांत काही जर्मनही होते. पण 6 फेब्रुवारी 1840 ला न्यूझीलंडच्या उत्तरेला इंग्रजांनी माओरी प्रमुखांशी वाइटांगीचा तह केलेला होता. आकारोआजवळच्या ओनुकू इथे 30 मे ला दोन प्रमुखांनी त्यावर सह्याही केल्या. फ्रेंच येतायत म्हटल्यावर इंग्रजांनी घाईने एक जहाज पाठवलं. ऑगस्टमध्ये ते आकारोआला पोचलं, झेंडा फडकवला, न्यायाधीश बसवून कोर्टही भरवलं. म्हणजे राज्य आमचं चालू आहे याचा पुरावा तयार! त्यानंतर आठवड्याभरात फ्रेंच वसाहतवाले किनाऱ्याला लागले. त्यांच्या 'फ्रेंच कॉलनी'वर इंग्लंडचा झेंडा होता.

त्या बिचाऱ्यांची मला कीव येते. ते सरदार नव्हते, साधी कष्टकरी माणसं होती. पाच एकरांसाठी महिनोन्‌महिने समुद्रात काढले, पोचले तर देशच दुसऱ्याचा. परत जायचे पैसे नाहीत. मग जंगल तोडलं, बटाटे लावले, द्राक्षं लावली (हे वाचून नाशिककराला बरं वाटेल), घरं बांधली. 1849 मध्ये त्यांच्या कंपनीने आपले हक्क इंग्लिश कंपनीला विकून टाकले. आजही आकारोआत रस्त्यांना 'र्‍यू लावो', 'र्‍यू जोली' अशी फ्रेंच नावं आहेत. 1840 च्या दशकातलं एक लाकडी फ्रेंच घर तिथल्या म्युझियमने जपून ठेवलंय. टुरिस्ट फोटो काढतात.

तर मेरियोंच्या चित्रातला कोलों हा खलनायक नाही. त्याचं घर प्रामाणिक कष्टाचं आहे. आणि नेमकं म्हणूनच ते चित्र इतकं पटतं. छप्पर दिसलं की आपल्या मनात 'घर' उमटतं, घर म्हटलं की 'याचं'. कागद मागायची इच्छाच होत नाही. घर दिसतं, सातबारा दिसत नाही.

याच्या अगदी उलट नमुना बघायचा तर लांब जायला नको. मुंबई-आग्रा रोडवर पांडवलेणी. आपण तिथे पहाटे व्यायामाला जातो, धापा टाकत वर पोचतो, सेल्फी काढतो. दहा नंबरच्या लेण्यात शक क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतले. शक बाहेरून आलेले, राज्यकर्ते, तलवार हातात. तरीही हा माणूस भिक्षूंना शेत दान देताना काय कोरून ठेवतो? शेत वाराहीपुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून घेतलं. किंमत 4,000 कार्षापण. शेत कुठल्या बाजूला आहे तेही. भिक्षूंच्या खर्चासाठी गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी, त्यांचा व्याजदर, आणि हे सगळं निगमसभेत ऐकवून नोंदवलं, असंही लिहिलंय. म्हणजे खरेदीखत, एफडीची पावती आणि रजिस्ट्रेशन, सगळं एकाच भिंतीवर!

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. तीन नंबरच्या लेण्यात त्याचं आज्ञापत्र आहे. उषवदाताच्या ताब्यात असलेलं 200 निवर्तनांचं शेत मी या भिक्षूंना देतो, असा मजकूर. सहा वर्षांनी दुसरी आज्ञा येते. आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गाव ओस आहे, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरची सरकारी जमीन द्या. मला ही दुसरी आज्ञा फार आवडते. दिलेलं दान निकामी निघालं तर ते बदलून द्यायचं, आणि तेही दगडात लिहून.

हे राजे फार न्यायी होते असं म्हणायचं नाही. त्या शेतात राबणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मुद्दा एवढाच की इथे विकणारा दिसतो, आकडा दिसतो, घर दिसत नाही. मेरियोंच्या चित्रात घर दिसतं, बाकी सगळं गायब.

आकारोआतल्या गायब बाजूचं पुढे काय झालं? तिथल्या माओरी जमातीचं नाव न्गाई ताहू. 1856 मध्ये सरकारने आकारोआचा व्यवहार 150 पौंडांत 'पुरा' केला. दक्षिण बेटावरचे बाकीचे व्यवहारही याच थाटाचे होते. लाखो एकर गेले, राखून ठेवू म्हटलेल्या जमिनी नीट राखल्याच नाहीत. तक्रारी 1849 पासून सुरू होत्या. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्ज केले, शिष्टमंडळं नेली, साक्षी दिल्या. आजोबांचा खटला नातवाने आणि नातवाचा त्याच्या नातवाने चालवला. अखेर वाइटांगी न्यायाधिकरणाने 1991 मध्ये या दाव्यावर तीन खंडांचा अहवाल दिला आणि 1998 मध्ये कायदा होऊन तडजोड झाली. भरपाई 17 कोटी न्यूझीलंड डॉलर. आणि सरकारची औपचारिक माफी. ती पंतप्रधान जेनी शिप्ली यांनी नोव्हेंबर 1998 मध्ये ओनुकूच्या माओरी सभास्थानी वाचून दाखवली. ओनुकू आकारोआच्याच खाडीवर आहे. ज्या पाण्याकाठी मेरियों वही घेऊन बसायचा, त्याच पाण्याकाठी.

दीडशे वर्षं! आपल्याकडे भावकीचा वाटणीचा दावा वीस वर्षं चालला तर लोक कंटाळून सेटल करतात.

हे वाचताना मला सारखी 2018 ची आठवण येत होती. 6 मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून हजारो शेतकरी मुंबईकडे चालत निघाले. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातले आदिवासी मोठ्या संख्येने होते. सुमारे 180 किलोमीटर चालून ते 12 मार्चला आझाद मैदानावर होते. दहावीच्या पोरांना पेपरला जाताना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून पार केला. त्यांच्या मुख्य मागण्यांपैकी एक होती 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनीचा पट्टा नावावर करून द्या. यांची गोष्ट आकारोआच्या बरोबर उलटी आहे. घर आहे, शेत आहे, नांगर धरून पिढ्या गेल्यात. नाही तो फक्त कागद. 1838 च्या त्या कागदाने घर नसलेल्याला जमीन दिली, आणि इथे घर असलेला माणूस कागदासाठी पायाला फोड येईपर्यंत चालतो.

आपण प्लॉट घेताना काय करतो? वकील गाठतो, सर्च रिपोर्ट काढतो, तीस वर्षांचे उतारे बघतो. बिल्डरचं ब्रोशर कितीही गुळगुळीत असलं तरी त्यावरच्या चित्राला भुलून कोणी चेक फाडत नाही. पण इतिहासाची चित्रं बघताना आपण हे सगळं विसरतो. जुना बंगला, कौलारू छप्पर, अंगणात आरामखुर्ची, 'काय सुंदर दिवस होते' म्हणतो आणि शेअर करतो. ब्रोशर बघून चेक फाडण्याचाच प्रकार हा.

मेरियोंवर मात्र एक अन्याय करायचा नाही. त्याने कोठारांचंही चित्र कोरलंय, हे मघाशी सांगितलं. खांबांवर उचललेली माओरी कोठारं, शेजारी त्यांची राहती घरं. त्या कोठारांत साठवायचं अन्न कुठल्या तरी जमिनीतच पिकत असणार. म्युझियमांच्या वेबसाइटवर ही चित्रं मोठी करून बघता येतात. जमलं तर दोन टॅबमध्ये शेजारी शेजारी उघडा. एकीकडे कोलोंचं शाकारलेलं घर, दुसरीकडे ती कोठारं. एकच खाडी, एकच हात, तांब्याचे दोन वेगळे पत्रे. दोन्ही घरं एका चौकटीत कधी आली असती तर तो कागद कुणीतरी मागितलाच असता.

असो. बरंच लांबलं. रविवारची भजी थंड व्हायला लागलीत. भेटू पुढच्या वीकेंडला.